गाडीच्या छतावरचा तंबू : जमिनीपासून सुटका, पण जागेचा प्रश्न कायम

महामार्गावरून जाणाऱ्या एखाद्या मोठ्या मोटारीच्या छतावर चपटी काळी पेटी किंवा जाड आवरणात आवळून बांधलेले गाठोडे अलीकडे दिसू लागले आहे. पाहणाऱ्याला ते प्रवासाचे सामान वाटते. प्रत्यक्षात तो घडी घातलेला तंबू असतो. मुक्कामाच्या ठिकाणी पट्टे सोडायचे, शिडी ओढायची, की पाच-दहा मिनिटांत दोन माणसांना झोपण्यापुरती खोली गाडीच्या डोक्यावर उभी राहते. ‘रूफटॉप टेंट’ या नावाने विकली जाणारी ही सोय आता भारतातही सहज मिळते. हॉटेलचे आरक्षण नको, खुंट्या ठोकणे नको, जिथे गाडी तिथे घर, असे तिचे आकर्षक वर्णन केले जाते. त्यातील पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. तिसरी मात्र तपासून पाहावी लागते. कारण हा तंबू अंथरुणाचा प्रश्न सोडवतो, ते अंथरूण कुठे पसरायचे हा प्रश्न सोडवत नाही. शिवाय अंथरुणाची किंमतही तो केवळ रुपयांत घेत नाही, तर वजनात, उंचीत आणि गाडीच्या तोलात घेतो.

जुनीच कल्पना

ही कल्पना नवी नाही. इटलीत ‘माज्योलिना’ ही पेटीच्या आकाराची छतावरची खोली १९५८ पासून बनू लागली. पूर्व जर्मनीत ट्राबांटसारख्या चिमुकल्या मोटारीवरही असे तंबू बसवले जात. आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या निर्जन प्रदेशांत दिवसेंदिवस प्रवास करणाऱ्यांनी ही पद्धत उचलून धरली, कारण तिथे जमिनीवर झोपणे धोक्याचे होते आणि मोकळी जागा मात्र अमाप होती. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीचा धोका आणि जागेची मुबलकता या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र असतात, तिथे हा तंबू सर्वाधिक उपयोगी ठरतो. आपल्याकडे पहिली अट भरपूर पूर्ण होते, दुसरी क्वचितच.

बाजारात त्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला मऊ आवरणाचा. तो पुस्तकासारखा उघडतो. अर्धा भाग छतावर राहतो आणि उरलेला अर्धा शिडीच्या आधाराने गाडीबाहेर तरंगतो. त्याचे वजन साधारण ४५ ते ६५ किलो असते. दुसरा कठीण पेटीचा. पेटीचे झाकण गॅसच्या दांड्यांवर वर उचलले जाते आणि बाजूचे कापड ताणले जाते. तो लवकर उघडतो, वाऱ्याला कमी अडतो, पण महाग असतो आणि ६५ ते ९० किलोंपर्यंत भरतो. दोन्हींत खाली फळी आणि त्यावर फोमची गादी असते.

सचिनचा दाखला कशासाठी?

या सोयीचे गुणदोष पारखण्यासाठी सुरतच्या दक्षिणेला, नवसारीच्या वाटेवर असलेले सचिन हे गाव चांगले उदाहरण ठरते. कोकणाशी या गावाचा जुना धागा आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बालू मियाँ यांना १७९१ च्या सुमारास पेशव्यांशी झालेल्या करारानुसार सुरतजवळचा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभे राहिले. आज सचिनची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. माग, रंगाई-छपाईचे कारखाने, रसायनांचे टँकर आणि त्यांत राबणारा, ठिकठिकाणाहून आलेला कामगारवर्ग असे तिचे रूप आहे. सचिनपासून उधना, पांडेसरा, लिंबायतपर्यंतच्या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात.

अशा कुटुंबाला शनिवार-रविवारी बाहेर पडायचे झाले, तर तीन वेगवेगळ्या वाटा समोर असतात. पश्चिमेला डुमसचा समुद्रकिनारा जवळच आहे. आग्नेयेला दीडशे किलोमीटरच्या आसपास डांगचे जंगल आणि सापुताऱ्याचा घाट आहे. पूर्वेला व्यारा-नवापूरमार्गे खानदेशातले मूळ गाव आहे. समुद्राची खारी हवा, पावसाळी घाट आणि ट्रकांनी भरलेला महामार्ग, अशा तिन्ही कसोट्या एकाच उंबरठ्यापासून सुरू होतात. गोव्यातून उत्तरेकडे गाडी काढणाऱ्यालाही नेमक्या याच तीन गोष्टींना तोंड द्यावे लागते. शिवाय तंबू म्हणजे मुळात कापड, आणि कृत्रिम धाग्याचे कापड हा तर सुरत परिसराचा रोजचा धंदा.

खरा फायदा : जमिनीपासूनचे अंतर

या तंबूचा सर्वांत मोठा फायदा जाहिरातीत फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे जमिनीपासून सुमारे दोन मीटरची उंची. भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा २००० ते २०१९ या काळाचा जो अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे, तो वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या घरात जातो. त्यात मण्यारीचा दंश विशेष फसवा असतो. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही ठळक नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. दक्षिण गुजरातची उसाची शेते, डांगचे जंगल, कोकण आणि गोव्यातील कुळागरे या साऱ्या प्रदेशांत हा धोका खरा आहे. खाटेवर झोपणे किंवा मच्छरदाणी नीट खोचणे हा त्यावरचा साधा उपाय. छतावरचा तंबू म्हणजे एका अर्थी बरीच उंच केलेली खाटच.

विंचू, गोम, मुंग्या आणि पावसाचे वाहते पाणी यांपासूनही सुटका होते. जमिनीवरच्या तंबूसाठी सपाट, दगड नसलेली, पाणी न साचणारी जागा शोधावी लागते; इथे गाडी उभी राहील एवढी समतल जागा पुरते. एखादे चाक खाली असेल तर त्याखाली लाकडी ठोकळा देऊन तोल साधता येतो. गादी कायम आतच असल्यामुळे गाडीतली जागा मोकळी राहते. उंचीमुळे वारा खेळता राहतो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, दमट किनारपट्टीवर याचे मोल मोठे असते.

मात्र हे संरक्षण झोपेपुरतेच आहे. रात्री लघवीसाठी उतरताना शिडीच्या पायथ्याशी अंधारच असतो. विजेरी हाताशी ठेवणे, बूट तंबूच्या दाराशी लटकवलेल्या पिशवीत ठेवणे आणि घालण्यापूर्वी झटकणे ही शिस्त पाळली नाही, तर वर मिळवलेली सुरक्षितता खाली हरवते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना अर्ध्या झोपेत ती शिडी चढणे-उतरणे सोपे नाही. दोन मीटरवरून पडणे म्हणजे हाड मोडण्याची पुरेशी तयारी.

वजनाचे गणित

मोटारीच्या छतावर किती भार ठेवायचा याची मर्यादा उत्पादक कंपनी ठरवते आणि ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. येथे दोन वेगळे भार समजून घ्यावे लागतात. गाडी धावत असताना छत जेवढे पेलू शकते तो चालता भार. अनेक गाड्यांत तो ५० ते ७५ किलो, काही मोठ्या गाड्यांत १०० किलोंपर्यंत असतो. गाडी उभी असताना जेवढे पेलते तो स्थिर भार. तो चालत्या भाराच्या काही पट असतो, कारण त्या वेळी वळणाचे, ब्रेकचे आणि खड्ड्यांचे धक्के बसत नाहीत.

‘दोन माणसे वर झोपली तर छत खाली बसणार नाही ना?’ हा प्रश्न बहुतेकांना पडतो. ६० किलोंचा तंबू, दीडशे किलोंची दोन माणसे आणि अंथरूण मिळून सव्वादोनशे किलोंच्या आसपास स्थिर भार होतो आणि योग्य कॅरिअर असेल तर बहुतेक भक्कम गाड्या तो पेलतात. खरी चिंता चालत्या भाराची असते. छताची मर्यादा ७५ किलो आणि तंबू ६० किलोंचा असेल, तर कॅरिअरच्या वाट्याला फक्त १५ किलो उरतात. लोखंडी कॅरिअर एकटाच त्याहून जड भरू शकतो. ६५ किलोंचा तंबू आणि २५ किलोंचा कॅरिअर घेतला तर ९० किलो झाले. म्हणजे गाडी सुरू होण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली गेली. कॅरिअर आणि त्याच्या आडव्या दांड्या यांचीही स्वतःची वेगळी मर्यादा असते. या तिघांत जी सर्वांत कमी, तीच खरी मर्यादा मानायची.

याचा तोलावर होणारा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १,७०० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे असे धरले आणि तिच्यावर दोन मीटर उंचीवर ९० किलो चढवले, तर गुरुत्वमध्य सुमारे साडेसहा सेंटिमीटर वर सरकतो. हा आकडा किरकोळ वाटतो; परंतु चाकांमधील अंतर दीड मीटर धरले, तर गाडीची उलटण्याला विरोध करण्याची क्षमता आठ-साडेआठ टक्क्यांनी घटते. सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. सापुताऱ्याच्या घाटातील नागमोडी वळणावर, अनमोडच्या उतारावर किंवा समोर अचानक गुरे आल्यावर स्टिअरिंग झटकन फिरवताना ते जाणवते. उंच गाड्या मुळातच या बाबतीत नाजूक असतात, आणि नेमक्या त्याच गाड्यांवर हे तंबू चढतात.

वजन आणि वेग यांचे वैर मराठी माणसाला इतिहासातूनही परिचित आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य गणदेवीमार्गे सचिनच्या उत्तरेला असलेल्या उधन्यापर्यंत आले, ते सुरतेला सावरण्याइतकी उसंत न देता. मोगलांची छावणी म्हणजे तंबू, कनाती आणि बाजारबुणगे घेऊन सरकणारे शहरच असे. मराठी घोडदळाची चपळाई होती ती हलक्या सामानामुळे. आजच्या प्रवाशालाही तोच हिशेब करावा लागतो. प्रत्येक किलो हा कुठेतरी वेगातून, इंधनातून किंवा सुरक्षिततेतून वजा होत असतो.

वारा, इंधन आणि उंची

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने गाडी चालवली, तर तो दीडपटीहून अधिक होतो. छतावर पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीची पेटी असेल तर या वाढीचा फटका थेट इंधनाच्या खर्चात दिसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रकांच्या शेजारून पुढे जाताना आणि खाडीवरच्या पुलांवर आडवा वारा लागला की गाडी बाजूला ढकलली गेल्यासारखी वाटते. तंबू बसवलेल्या गाडीने ताशी ८० च्या आसपास राहणे हा सुरक्षेचा आणि काटकसरीचा एकच उपाय आहे. प्रत्येक दोन-तीन तासांनी नट-बोल्ट आणि पट्टे तपासणे तितकेच आवश्यक आहे. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतात.

उंचीचा प्रश्न बहुतेकांना घरी परतल्यावर कळतो. १.८५ मीटर उंचीच्या गाडीवर दहा सेंटिमीटरचा कॅरिअर आणि तीस सेंटिमीटरचा तंबू म्हणजे सव्वादोन मीटर झाले. इमारतींच्या तळघरातील आणि मॉलमधील वाहनतळाचे प्रवेशद्वार अनेक ठिकाणी सुमारे २.१ मीटरचे असते. तंबू काढून ठेवायचा तर दोन-तीन माणसे लागतात, आणि तो ठेवायला जागाही लागते. सचिनमधील किंवा म्हापशातील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्याने हा विचार खरेदीपूर्वी केलेला बरा. नाहीतर वर्षातल्या दहा रात्रींसाठी तंबू वर्षभर छतावर राहतो, ऊन-पाऊस सोसतो आणि रोजच्या कामाच्या फेऱ्यांतही इंधन खातो.

कापडाची परीक्षा

सुरत परिसरातील मागांवरून निघणारे बहुतांश कापड पॉलिएस्टरचे असते. मागावरचे कोरे कापड ‘ग्रे’ म्हणून ओळखले जाते. पुढे सचिन, पांडेसरा, पलसाणा भागांतील कारखान्यांत त्यावर रंगाई-छपाई होते. साडीचे आणि तंबूचे पॉलिएस्टर एकाच कुळातले; फरक धाग्याची जाडी, विणीचा घट्टपणा आणि वरचा लेप यांचा. साडीचे कापड अंगावर हलके पडावे म्हणून विरळ ठेवतात. तंबूचे कापड दर चौरस मीटरला दीडशे ते तीनशे ग्रॅम भरते आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो.

छतावरच्या तंबूंत दोन प्रकारची कापडे आढळतात. एक, सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांचे मिश्र कापड. ते श्वास घेते, आत घाम साचू देत नाही, पण जड असते आणि भिजल्यावर लवकर वाळत नाही. दुसरे, संपूर्ण पॉलिएस्टरचे. ते हलके असते, झटकन वाळते, पण लेपामुळे आतली वाफ बाहेर जात नाही. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी बाहेर पडते. खिडक्या बंद ठेवल्या की ते छताच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि पहाटे तंबू गळतो आहे असा भास होतो. उपाय एकच : पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन झरोक्यांतून वारा वाहता ठेवायचा. गादीच्या खालीही हीच वाफ साठते. म्हणून गादी आणि फळी यांमध्ये हवा खेळेल अशी जाळीदार चटई अंथरणे हिताचे असते.

युरोपातील कोरड्या उन्हाळ्यासाठी आखलेला तंबू इकडच्या पावसाळ्यात वेगळाच वागतो. सुरतेत वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर, तर गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. डांग हा गुजरातमधील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक. एवढ्या पावसात कापडापेक्षा शिवण आधी हार मानते. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकावर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, चेनवर झडप आहे का, बाहेरचे पावसाळी आवरण आतल्या कापडाला न टेकता उभे राहते का, या तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे ओला तंबू घडी घालून ठेवणे. सकाळी पावसातच निघायचे असेल तर भिजलेला तंबू मिटण्यावाचून गत्यंतर नसते. तो दोन दिवसांच्या आत उघडून वाळवला नाही तर दमट उष्णतेत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. पॉलियुरेथेनचा थर ओल आणि उष्णता यांमुळे हळूहळू विघटित होतो. कापड चिकट होते, उग्र वास येतो आणि पाणी आत झिरपू लागते. जमिनीवरचा तंबू बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घालता येतो. छतावरचा वाळवायचा तर उघडी जागा आणि गाडी, दोन्ही हवीत. किनाऱ्यावर मुक्काम झाला असेल तर चेन, बिजागऱ्या आणि गॅसच्या दांड्या गोड्या पाण्याने पुसून काढाव्या लागतात. खारी हवा त्यांना गंजवते.

जिवाशी संबंधित तीन गोष्टी

तंबूत शेगडी, कोळशाची शेकोटी किंवा गॅसचा हीटर कधीही पेटवू नये. कापड पेट घेते हे तर उघड आहे; पण त्याहून कपटी आहे तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. थंडीत गाडीचे इंजिन रात्रभर सुरू ठेवणेही त्याच कारणासाठी घातक आहे, कारण धूर वर चढतो आणि झोपणारे वरच असतात.

दुसरी गोष्ट विजेची. मोटारीची धातूची बंद काया विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते. छतावरचे कापड अजिबात देत नाही. उलट मोकळ्या माळावर तो सर्वांत उंच बिंदू ठरू शकतो. गडगडाट सुरू होताच खाली उतरून गाडीत बसणे आणि काचा लावून घेणे हाच मार्ग. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी याला अपवाद करू नये.

तिसरी गोष्ट सचिननेच शिकवलेली आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला. सहा कामगारांचा मृत्यू झाला आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ती दुर्घटना तंबूची नव्हती. पण रात्री गाडी कुठे उभी करावी याचा तो कठोर धडा आहे. महामार्गालगतची औद्योगिक वसाहत रात्री शांत दिसते, रस्ते रुंद असतात, ट्रकही उभे असतात. थकलेल्या चालकाला ती जागा सोयीची वाटते. पण उघड्या नाल्याशेजारी, कारखान्याच्या मागच्या बाजूला किंवा टँकरांच्या तळाजवळ, कापडाच्या भिंतीआड झोपणे म्हणजे नकळत मोठी जोखीम घेणे. त्यात भर अशी, की तंबू उघडा असताना गाडी हलवता येत नाही. वायू, पूर, आग किंवा गुंडगिरी, काहीही झाले तरी आधी उतरायचे, मग तंबू मिटायचा आणि मगच निघायचे. जमिनीवरचा तंबू तिथेच टाकून गाडीने पळता येते. छतावरच्या तंबूचा हा दोष त्याच्या रचनेतच आहे. त्यावर जागेची काळजीपूर्वक निवड हाच इलाज आहे.

कायदा आणि जागा

मोटार वाहन कायद्यात छतावरच्या तंबूचा वेगळा उल्लेख नाही. कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. म्हणून छताला भोके पाडून कायमचा सांगाडा जोडण्यापेक्षा, काढता-घालता येणाऱ्या दांड्यांवर तंबू बसवणे केव्हाही सुरक्षित. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान गाडीच्या अंगाबाहेर, पुढे-मागे किंवा परवानगीपेक्षा उंच गेल्यास २० हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे; मिटलेला तंबू गाडीच्या रुंदीपेक्षा बाहेर डोकावत नाही ना, हे त्यासाठी पाहावे. विमा पॉलिसीत बाहेरून बसवलेल्या वस्तूंची नोंद केलेली नसेल, तर चोरी किंवा अपघातानंतर तंबूची भरपाई मिळण्याची आशा धरू नये.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्या देशांत ही पद्धत रुळली, तिथे पाणी, स्वच्छतागृह आणि पहारा असलेले तळ ठिकठिकाणी आहेत. आपल्याकडे त्यांची केवळ सुरुवात आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा तळांची कल्पना मांडली. डांग आणि व्यारा भागात गुजरातच्या वनखात्याची महाल, किलाद, पदमडुंगरी अशी पर्यटन शिबिरस्थळे आहेत. सचिनहून निघणाऱ्याने आधी विचारणा करून तिथे गाडी लावण्याची परवानगी घेतली, तर पाणी, शौचालय आणि सोबत या तिन्ही गोष्टी मिळतात. परवानगीविना पूर्णा अभयारण्यात रात्र काढणे मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. डुमसच्या किनाऱ्याबाबत तर कायद्याच्या आधी चिखलच अडवतो. तेथील मऊ गाळात रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि भरतीला तंबूची किंमत माहीत नसते.

गोव्याचे चित्र याहून वेगळे नाही. मोले, नेत्रावळी, बोंडला ही संरक्षित क्षेत्रे आहेत. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे. पर्यटनस्थळे संरक्षण कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपयांचा दंड ठरवला. त्यानंतर या तरतुदी अधिक कडक झाल्या. बाहेरून येणाऱ्या बसगाड्यांनी रस्त्याकडेला चुली पेटवून मागे टाकलेल्या कचऱ्याचा अनुभव गोमंतकीयांना आहेच. छतावरचा तंबू महाग असतो म्हणून त्याखाली होणारा कचरा सुसंस्कृत ठरत नाही. राज्यात मुक्काम करायचा तर मालकाची परवानगी घेऊन कुळागरात, शेतघराच्या अंगणात किंवा घरगुती निवासाच्या आवारात गाडी लावणे हाच योग्य मार्ग. त्यातून यजमानाला दोन पैसे मिळतात आणि पाहुण्याला विहिरीचे पाणी व शौचालय मिळते.

खर्चाचा ताळेबंद

भारतात या तंबूंच्या किमती साधारण ६०-७० हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत जातात. कॅरिअरचा खर्च वेगळा. तंबू १ लाख २० हजारांचा आणि कॅरिअर ३० हजारांचा धरला, तर दीड लाख झाले. पाच वर्षे तो टिकला आणि दरवर्षी १५ रात्री वापरला, तर एका रात्रीचा खर्च दोन हजार रुपये पडतो. वर्षाला पाचच रात्री वापरला तर तोच खर्च सहा हजारांवर जातो. तेवढ्या पैशांत सापुताऱ्यात किंवा आंबोलीत चांगली खोली मिळते. यात वाढलेले इंधन आणि जागेचे भाडे धरलेले नाही.

याउलट जमिनीवरचा चांगला तंबू पाच-दहा हजारांत येतो. त्याच्या जोडीला घडीच्या दोन खाटा घेतल्या, तर साप-विंचवांपासूनचे बरेचसे संरक्षण अल्प खर्चात मिळते आणि गाडीचा तोलही बिघडत नाही. मागची आसने आडवी करून गाडीतच गादी घालण्याचा मार्गही दोघांसाठी पुरेसा असतो. वीज-पावसात तोच सर्वांत भरवशाचा.

कोणी घ्यावा, कोणी टाळावा

वर्षातून किमान दोन-तीन आठवडे रस्त्यावर काढणारे, दर रात्री मुक्काम बदलणारे, छताची पुरेशी क्षमता असलेली गाडी आणि तंबू वाळवायला अंगण असलेले प्रवासी या सोयीचा पुरेपूर उपयोग करू शकतात. एकाच जागी तीन-चार दिवस राहणाऱ्यांना ती अडचणीची ठरते, कारण दूध आणायला जायचे तरी घर मिटून न्यावे लागते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला तो अपुरा पडतो. छोट्या मोटारीच्या मालकाने, घरातील ज्येष्ठांसह फिरणाऱ्याने आणि मुख्यतः पावसाळ्यातच बाहेर पडणाऱ्याने तो टाळलेला बरा.

निर्णय घेण्याआधी तीन कामे करता येतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेतून छताच्या चालत्या भाराचा आकडा शोधून त्यातून कॅरिअर आणि तंबू यांचे वजन वजा करून पाहावे. गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती रात्री घराबाहेर तंबूत काढल्या, ते मोजावे; काढाव्याशा वाटल्या त्या नव्हे. आणि पुढच्या सहलीच्या प्रत्येक रात्रीसाठी, जिथे परवानगीने गाडी उभी करता येईल अशा जागेचे नाव कागदावर लिहावे. काही ठिकाणी तंबू बसवलेल्या गाड्या भाड्याने मिळतात. त्यात दोन रात्री काढल्या की शिडी, उकाडा आणि पहाटेची ओल यांचा अंदाज येतो. हा कागद भरला आणि वजाबाकीत काही शिल्लक राहिले, तर खरेदीला हरकत नाही. कागद कोराच राहिला, तर उणीव तंबूची नसून जागेची आहे, आणि ती दुकानात मिळत नाही.